तुम्ही विचारलंत म्हणून: हरण्याला ताटलीत का वाढत नाही

गल्लीत, सोसायटीच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, आता तर माहेरीसुद्धा मला एकच विचारतात. "कुत्र्याचं जेवण पोत्यात गुंडाळून ठेवता म्हणे? त्याला शोधायला लावता? ताटलीत घातलं तर काय बिघडतं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग कुरतडायचं थांबलं का त्यानं?"

चार वर्षं मी उभ्या-उभ्या उत्तरं देत आलेय, आणि दर वेळी वेगळी. पहिल्या वर्षी तर छातीठोकपणे सांगायचे, शंभर टक्के थांबतं, करून बघा. माझं ऐकून तुमच्यापैकी दोघी-तिघींनी केलंही. म्हणून आज नीट बसून लिहिते.

हरण्या, माझा कुत्रा, मुधोळ या देशी शिकारी जातीचा क्रॉस आहे. नाव माहेरच्या बैलाचं. "असली शिकारी जात अनगोळच्या गल्लीत कशाला?" हाही प्रश्न असतोच. मुधोळ गाव आपल्या बेळगावापासून काही फार लांब नाही. घोरपड्यांच्या संस्थानानं ही जात सांभाळली, 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत एक मुधोळ होतं. अभिमान वाटतो, पण तिकिटावरचं कुत्रं आणि घरातलं कुत्रं यांत फरक आहे. माळावर सशामागे धावण्यासाठी घडवलेलं हे शरीर मी दहा बाय बाराच्या पडवीत ठेवलं, सकाळी दहाला कुलूप लावून कामावर गेले आणि पाचला परत आले. तो कुरतडणार नाही तर काय करणार? हे आज कळतं. तेव्हा मी त्याला "वांड" म्हणायचे.

लहान होता तोवर दातांवर ढकललं. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. चपला, खुर्चीचा पाय, चार्जरची वायर, सगळं त्या खात्यात गेलं. पण आईची वाकळ फाडली तेव्हा तो दीड वर्षाचा होता.

ती वाकळ आईच्या इरकली लुगड्यांची. आई गेल्यावर माझ्याकडे तिचं असं तेवढंच उरलं होतं. दार उघडलं तर पडवीभर दोरे, चिंध्या आणि लुगड्याचा लाल पदर. मी पायातली चप्पल काढली आणि त्याला मारलं. एकदा नव्हे. तो कोपऱ्यात दबला, जमिनीवर मुतला. "बघ, चूक कळलीय त्याला," असं मी त्या वेळी म्हणालेही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली दाखवलं होतं, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्यानं खरंच काही केलंय की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की तो दिसतो. मी वाचलं ते पुष्कळ नंतर. मारल्याचा परिणाम एवढाच झाला, की माझ्यासमोर कुरतडणं बंद झालं आणि माझ्यामागे वाढलं.

तेव्हा कुठे मी जेवणाकडे वळले. आधी अप्प्यांचं जुनं बिडाचं पात्र काढलं, आपण ज्यात पड्डू करतो ते. सात खळगे. प्रत्येकात भाकरीचा तुकडा, वर मुलाचे जुने टेनिस बॉल. पहिल्या दिवशी त्यानं नाकानं एक बॉल ढकलला, मागे सरला, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मग दुसरा ढकलला. सातवा बॉल निघेपर्यंत त्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या चालू होत्या, आणि संपल्यावर तो पंख्याखाली लांब होऊन झोपला. भर दुपारी, काहीही न फाडता, पहिल्यांदा. त्या झोपेनं मी वेडी झाले. मग पोत्याच्या घड्यांत ज्वारीची भाकरी, खोक्यात खोकं घालून उकडलेलं अंडं, स्टीलच्या वाटीत गोठवलेला दहीभात. वाटी चाटायला त्याला पाऊण तास लागायचा. हे सगळं त्याच्या रोजच्या जेवणातूनच, वरून काही नाही, नाहीतर कुत्रं लठ्ठ होतं.

आत्यांना हे पहिल्यापासून पटलं नाही. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या शेजारी धाकट्या दिरांकडे राहतात. म्हणाल्या, "मुकं जनावर ते. त्याला अन्नासाठी नाचवू नये. पाप लागतं." तुमच्यातल्या बऱ्याच जणी हेच वेगळ्या शब्दांत म्हणता. मी भांडले. ग्लेन जेन्सन यांचा 1963 चा उंदरांवरचा प्रयोग सांगितला: शेजारी भरलेली वाटी असूनही बरेचसे उंदीर कळ दाबून, म्हणजे काम करून, अन्न मिळवत. आत्या म्हणाल्या, "उंदराचं काय सांगतेस मला, कुत्र्याचं सांग."

म्हणून मी करून बघितलं. एका बाजूला ताटली, दुसऱ्या बाजूला पोतं, दोन्हींत सारखी भाकरी. हरण्यानं आधी ताटली चाटून साफ केली. मग पोत्याकडे गेला आणि अर्धा तास तिथेच होता, भाकरी संपल्यावरही. पुन्हा दोनदा केलं, तसंच झालं. आत्यांना वाटतं त्या जिंकल्या, मला वाटतं मी.

आता ते सांगते, जे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गणपतीच्या आधीची साफसफाई, माळ्यावरची भांडी खाली, आणि हरण्या पायात पायात. आदल्या रात्री कणसं भाजली होती. दाणे खाल्लेलं एक कणीस मी त्याला दिलं. मनात होतं: टणक आहे, तासभर गुंतेल, फुकटातलं आहे. दहा मिनिटांनी बघितलं तर काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, चावून खाल्लं. शाबासकी दिली त्याला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलटी. रात्री तीनदा. सकाळी त्यानं पुढचे पाय जमिनीला टेकवले आणि मागचा भाग वर तसाच धरून ठेवला, नमस्कार घातल्यासारखा. पोटदुखीत कुत्री असं करतात हे मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही वेगळं खाल्लंय का?

मी नाही म्हणाले.

खोटं बोलायचं म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात "वेगळं" म्हणजे उकिरड्यावरचं, विषारी, चोरून खाल्लेलं. मी हातानं दिलेलं त्यात कसं येईल? ते तर माझ्या पद्धतीतलं होतं. त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, आम्ही घरी आलो. तो दिवस वाया गेला आणि तो माझ्या उत्तरानं गेला.

तिसऱ्या दिवशी तो पाणीही ठेवेना. डोळे आत गेलेले. मुलाला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेले. टेबलावर त्याला धरणारा कंपाउंडर पोट दाबून म्हणाला, "मेक्केजोळ खाल्लंय काय ओ? कणीस? ह्या दिवसांत येतात अशी." मी गप्प. मुलगा म्हणाला, "आईनंच दिलेलं की."

ते वाक्य त्यानं चहाडी म्हणून म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मी भिंतीवरचं लसीकरणाचं कॅलेंडर बघत उभी राहिले.

कणीस पोटात विरघळत नाही. एक्स-रेमध्येही धड दिसत नाही, आतड्यात साठलेली हवा दिसते आणि त्यावरून अंदाज करतात. सोनोग्राफी झाली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं: अंगठ्याएवढा तुकडा, दाण्यांचे खळगे तसेच्या तसे. आतडं तिथे काळसर पडलं होतं, पण जिवंत होतं. आणखी एक रात्र गेली असती तर कापावं लागलं असतं, म्हणाले.

घरी आणल्यावर आत्या आल्या. मी तयारीत होते, त्या बोलतील म्हणून. त्यांनी एक शब्द काढला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तांदळाची पातळ पेज केली, बिनमिठाची, थंड केली आणि ओंजळीत घेऊन त्याच्यासमोर बसल्या. त्यानं त्यांच्या हातातून चाटून खाल्ली. पाच दिवस त्या दिवसातून चारदा येत होत्या.

त्या पाच दिवसांत मी ठरवलं होतं, हे सगळं बंद. पोतं धुऊन माळ्यावर टाकलं, ताटली काढली. टाके निघाल्यावर आठवडाभरात त्यानं पडवीच्या दाराची चौकट खायला सुरुवात केली. लाकडाचे ढलपे. तेही पोटात जाऊ शकतात. मग पोतं पुन्हा खाली आणलं. तुम्ही याला हट्ट म्हणा. मला दुसरं काही सुचलं नाही.

मात्र आता कणीस नाही, शिजवलेलं हाड नाही, तुकडा पडून गिळता येईल असं टणक काही नाही. कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट आधीही नव्हतं. आणि नवं काही दिलं की पहिले काही दिवस मी समोर बसते. तुमच्यापैकी कुणी माझं ऐकून कणीस देत असाल तर आजपासून बंद करा. हे सांगायलाच खरं तर मी लिहायला बसले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कंटाळ्याचं कुरतडणं बरंचसं थांबलं. चप्पल, उशी, वायर याला तो आता तोंड लावत नाही. "खोकी फाडायला शिकवलंत तर बाकीचं नाही का फाडणार?" याचं उत्तर मी पूर्वी ठासून "नाही" असं द्यायचे. त्यानं मुलाचं शाळेसाठी केलेलं पुठ्ठ्याचं घर फाडलं तेव्हापासून ते ठासून म्हणणं सोडलं.

दाराची चौकट मात्र थांबली नाही, कारण ते कुरतडणं कंटाळ्याचं नाहीच. मोबाईल पडवीत ठेवून मी चित्रण केलं. मी कुलूप लावल्यावर तो पोत्याकडे वळूनही बघत नाही. धापा टाकतो, फेऱ्या मारतो, मग दाराला दात. मी परत आल्यावर पाणी पितो आणि मगच पोतं उलगडतो. घाबरलेल्याला घास जात नाही, माणसाचंही तेच. इतके दिवस मी त्याच्या भीतीवर भाकरी ठेवत होते आणि गुण येतोय असं तुम्हाला सांगत होते.

आता सुट्टीच्या दिवशी दार ओढून घेते आणि दोन मिनिटांनी परत येते. मग चार. एरवी दिवसभर तो आत्यांच्या अंगणात असतो, त्या कुरकुर न करता ठेवून घेतात. काल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन पंचवीस मिनिटांनी आले. चौकटीवर नवा ओरखडा नव्हता. पोत्याची एक घडी उलगडलेली होती, दुसरी तशीच.