तुम्ही विचारलंत म्हणून: बॉसचे एचपी मी मध्येच का वाढवत नाही

डीएम विचारतात, प्लेयर विचारतात, आणि माझा बॉस पहिल्याच राउंडला मेला तो किस्सा ज्यांनी फक्त ऐकलाय ते तर हमखास विचारतात, की अगं एचपी फक्त तुझ्या कागदावर होते ना, शंभर वाढवले असतेस तर कुणाला कळलं असतं? दर वेळी अर्धंच उत्तर देऊन होतं आणि मग विषय बदलतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नवख्यांसाठी एवढंच: डी अँड डी म्हणजे टेबलाभोवती बसून डाइस टाकत खेळायची गोष्ट, डीएम म्हणजे ती गोष्ट आणि त्यातले शत्रू चालवणारी, इथे मी, बॉस म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, आणि एचपी म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो मरतो तो आकडा.

फिफ्थ एडिशन, 2014 चे नियम, पाच जण, सगळे नवव्या लेव्हलला. बॉस मी स्वतः रचलेला, बुडून मेलेला एक सरदार, भरतीबरोबर वर येतो आणि किनाऱ्यावरची गावं पाण्याखाली घेऊन जातो. एसी (वार लागायला डाइसवर गाठायचा आकडा) 17, एचपी 180. त्याने बुडवलेलं पहिलं गाव आमच्या क्लेरिकचं (देवाची जादू करणारं कॅरेक्टर, ते खेळायची माझी एक मैत्रीण). हे मी तिच्यावर लादलं नव्हतं, कॅम्पेन, म्हणजे ही लांबलचक गोष्ट, सुरू व्हायच्या आधी तिनेच लिहून दिलं होतं, आईचं नाव, ओसरीवरची जाळी, देवळातली घंटा सगळं, आणि ते वाचून मी हा सरदार बनवला. कित्येक महिने आम्ही त्याच्या मागावर होतो.

इनिशिएटिव्ह, म्हणजे कोणाची टर्न कितवी तो क्रम, पडला: मंक, रोग, पॅलाडिन, फायटर, मग बॉस, आणि सगळ्यात शेवटी क्लेरिक. मंकने स्टनिंग स्ट्राइक लावला, म्हणजे समोरच्याला सुन्न करणारा वार, आणि तो झेलायला बॉसने टाकायचा डाइस म्हणजे सेव्ह. मी डाइस लपवायची स्क्रीन वापरत नाही, सगळे डाइस टेबलावर सगळ्यांसमोर टाकते, तर पहिले दोन सेव्ह झाले आणि तिसऱ्याला 3 पडला. बॉस स्टन, म्हणजे त्याला काहीच करता येणार नाही. आता त्याच्यावर प्रत्येक वार अ‍ॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा घ्यायचा. रोगचा स्नीक अटॅक बसला, पॅलाडिनला क्रिट (20 पडला की डॅमेजचे डाइस दुप्पट) पडला आणि त्याने अख्ख्या डंजनभर जपून ठेवलेला थर्ड लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मोजकीच मिळणारी जादूची ताकद, त्यात ओतला, म्हणजे स्माइट या जादा डॅमेजचेच दहा डी-एट (आठ बाजूंचे डाइस), आणि मग फायटरने ग्रेटसोर्ड उचलून अ‍ॅक्शन सर्ज घेतला, म्हणजे त्याच टर्नमध्ये आणखी वार. त्याच्या तिसऱ्या वारानंतर माझ्या कागदावरचा आकडा शून्याच्या खाली गेला. सरदाराने एक वाक्यही उच्चारलं नव्हतं.

फायटरने विचारलं, मेला का? सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांना माहीत होतं की मी "अजून उभा आहे" म्हणू शकते. क्लेरिकने कॅरेक्टर शीट उघडून स्पेलवर बोट ठेवलेलं होतं. मी म्हटलं, मेला.

तिघं ओरडत उठले. ती म्हणाली, "माझी टर्न आलीच नाही." आवाज चढवून नाही, साधंच. त्यानंतर ती थोडे दिवस आली, मग यायची बंद झाली. आम्ही आजही बोलतो, भेटतो, पण ती माझ्या टेबलावर खेळत नाही, आणि हे मला लागलंय, अजून लागतं.

तरीही मी आकडा वाढवला नसता. का ते ऐका. पॅलाडिनने तो स्लॉट वाचवायला दोनदा मार खाल्ला होता, मंकने स्टनिंग स्ट्राइकला लागणारे सगळे 'की' पॉइंट बॉससाठी ठेवले होते. मी गुपचूप 100 एचपी वाढवले असते तर त्यांनी मारलेलं सगळं वाया, आणि त्यांना ते कळलंही नसतं. चेंडू हवेत असताना बाउंड्रीची दोरी मागे सरकवायची, तसंच झालं असतं हे. आणि समजा बॉसला मी क्लेरिकच्या टर्नपर्यंत ताटकळत जिवंत ठेवला आणि तिच्या हातून मारला, तर तो वार तिचा असता का माझा? मी तिला बक्षीस देणार आणि ती ते जिंकलं म्हणून घरी नेणार.

पूर्वी मी अगदी उलट बोलायचे. आकडे गौण, गोष्ट महत्त्वाची, पाच माणसं रविवार मोडून येतात ती 180 या आकड्यासाठी नाही येत. तेव्हाच्या त्या मला मी आज मूर्ख म्हणणार नाही. ती मला विचारेल की टेबलावर रडवेली झालेली मैत्रीण खरी का कागदावरचा आकडा खरा, तर माझ्याकडे पटकन द्यायला उत्तर नाही. एवढंच सांगेन, की बॉस कधी मरणार हे एकदा मी ठरवायला लागले की कोण मारणार तेही मीच ठरवते, आणि मग डाइस कशाला टाकायचे?

म्हणून सगळी मेहनत लढाईच्या आधी. मूळ दुखणं साधं आहे, पाच जणांच्या पाच टर्न आणि बॉसची एक. 2008 च्या फोर्थ एडिशनमध्ये सोलो मॉन्स्टर, म्हणजे एकट्याने अख्ख्या गटाशी लढणारे, आले, त्यांना भरमसाट एचपी दिले, तर लढाया संपता संपेनात, शेवटी 2010 च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून मॉन्स्टरांचा डॅमेज वाढवला गेला. फिफ्थमध्ये दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी वापरायच्या लेजंडरी अ‍ॅक्शन दिल्या. अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगन बघा, 256 एचपी, पण त्याची भीती वाटते ती तीन लेजंडरी अ‍ॅक्शन आणि 18 डी-सिक्सच्या आगीमुळे. आणि लोक जे सांगतात ना, लेजंडरी अ‍ॅक्शन दिल्या असत्यास तर वाचला असता, त्यांनी नियम परत वाचा, स्टन झालेल्याला त्या वापरताच येत नाहीत.

राहिला लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे फेल झालेला सेव्ह पास करून घ्यायची बॉसची ताकद. तो मी सरदाराला मुद्दाम दिला नव्हता. प्लेयर आपला सगळ्यात भारी स्पेल टाकतो, बॉसचा सेव्ह फेल होतो, आणि डीएम म्हणतो "नाही, पास". अख्खी टर्न गेली, हातात काही नाही. मला हे तेव्हाही पटत नव्हतं, आजही नाही. आता मी त्याची किंमत लावते. समजा त्याच सरदाराच्या अंगावर नांगराच्या तीन साखळ्या आहेत, त्यांनीच तो समोरच्याला लांबून ओढतो. फेल झालेला सेव्ह त्याला पास करायचा असेल तर एक साखळी तुटते, सगळ्यांना दिसते, एसी दोनने उतरतो, आणि तिन्ही गेल्या की ओढणं बंद. म्हणजे स्पेल टाकणाऱ्याने बॉसचं काहीतरी तोडलेलं असतं.

आणि 2020 पासून मिथिक मॉन्स्टर आहेत, शून्यावर आले की परत भरून उठतात. इथे लोक मला पकडतात, की हे चालतं आणि एचपी वाढवलेले चालत नाहीत? हो. आधी लिहिलेलं असेल तर ती बॉसची ताकद, लढाई चालू असताना मला सुचलं तर ती माझी लबाडी. "पण प्लेयरला फरक कुठे कळतो?" नाही कळत, मान्य. म्हणून हल्ली बॉसचा कागद पाकिटात बंद करून आधीच एका प्लेयरकडे देते, लढाई संपली की तो फोडतो आणि सगळे वाचतात. मी माझ्या कॉपीवरून चालवते. यानंतर त्यांचे ओरडे वेगळे असतात, ऐकायला या कधीतरी.

पण क्लेरिकचा प्रश्न पाकिटाने सुटत नाही. साखळ्या असत्या तर तिची टर्न आली असती, बहुतेक. नुसत्या डॅमेजनेही बॉस पहिल्या राउंडला जाऊ शकतो, साखळी त्याला काय करणार. आमच्या पॅलाडिनचं म्हणणं आहे की सरळ नियम लिही, प्रत्येकाची एक टर्न होईपर्यंत बॉस एक एचपीच्या खाली जात नाही, आणि तो घाल पाकिटात. कागदावर आधी लिहिलेलं, म्हणजे माझ्याच व्याख्येने लबाडी नाही. मला ते अजून पटलेलं नाहीये आणि का पटत नाही हेही धड सांगता येत नाहीये, येत्या रविवारी आम्ही परत त्यावरच भांडणार आहोत.