चॅट्सवर्थचा नाताळ आणि मंडळाची बस

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या वार्षिक पत्रिकेत गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत असे सगळे कार्यक्रम तारखा आणि वर्गणीसह तपशीलवार छापलेले असतात. डिसेंबरच्या रकान्यात मात्र "चॅट्सवर्थ" एवढा एकच शब्द असतो आणि त्यापुढे कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. डर्बीशायरमध्ये डरवेंट नदीच्या काठी उभा असलेला ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचा हा वाडा नाताळात सजवून लोकांसाठी खुला ठेवतात आणि 2009 पासून आम्ही तो पाहायला जातो. पहिल्या वर्षी पाच मोटारींतून बावीसजण निघालो होतो. त्यातली एक मोटार पीक डिस्ट्रिक्टच्या अरुंद रस्त्यांवर अशी काही भरकटली की तिच्यातली माणसे पोहोचली तेव्हा आम्ही वाडा पाहून बाहेर येत होतो. त्यांच्याजवळच सर्वांचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असल्यामुळे त्या दिवशी कोणाचे जास्त नुकसान झाले, यावर अजून वाद होतो. पुढच्या वर्षापासून बस ठरवली.

ही सहल आमच्या अंगवळणी पडली याचे एक कारण मला दुसऱ्या भेटीतच उमगले. वाड्यात दरवर्षी नाताळासाठी एक नवा विषय घेतात आणि दालनामागून दालन त्याच विषयाने सजवतात. कधी एखादी बालकथा असते, तर कधी दूरच्या एखाद्या देशातला नाताळ. इंग्रजीत या प्रकाराला काहीही म्हणोत, पुण्यातल्या गणपतीच्या दहा दिवसांत वाढलेल्या माणसाला त्यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही; तो देखावा आहे. आमच्या मंडळात थर्माकोलची मखरे कापण्यात आणि रात्री दोनपर्यंत दिव्यांच्या माळा तपासण्यात तारुण्य घालवलेले निदान चारजण आहेत. इतर पाहुणे झाडाचा शेंडा पाहत असतात, तेव्हा हे चौघे वाकून वायर कुठून आणली आहे ते पाहतात. जिन्याच्या कठड्यावरची हिरवी तोरणे कशी लावली आहेत हे त्यांनी एकदा इतक्या बारकाईने तपासले की शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शक बाई काळजीत पडल्या. खिळा कुठेच मारलेला नव्हता, प्रत्येक तोरण बांधलेले होते आणि बांधणीखाली लाकडाला चरा पडू नये म्हणून कापडाची घडी ठेवलेली होती. ती घडी पाहून आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी "काम करणारा माणूस आहे" असा अभिप्राय दिला, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी आजवर ऐकलेली नाही.

वाड्याचा इतिहास मोठा आहे आणि बसमध्ये तो दरवर्षी थोडा थोडा सांगितला जातो. ही जागा 1549 मध्ये बेस ऑफ हार्डविक ही कर्तबगार बाई आणि तिचे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी विकत घेतली. आज दिसणाऱ्या वास्तूचा मुख्य भाग पहिल्या ड्यूकने 1687 नंतरच्या वीस वर्षांत उभारला, आणि घराणे अजून तिथेच राहते. पेंटेड हॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवेशाच्या भव्य दालनात भिंतींवर आणि छतावर ज्यूलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. त्याच दालनात मोठे ख्रिसमस ट्री उभे करतात, कोपऱ्यात कोणीतरी पियानो वाजवत असते, आणि थंडीतून आत आल्यावर पाइनच्या पानांचा वास आधी जाणवतो, दिवे नंतर दिसतात. मोठ्या भोजनगृहात टेबल मांडून ठेवलेले असते. राजकन्या व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असताना, 1832 मध्ये, मोठ्या माणसांच्या पंगतीत पहिल्यांदा याच दालनात जेवली. आमच्याकडील मुली त्या वयाच्या झाल्या की त्यांना हे आवर्जून सांगितले जाते, आणि मग निदान त्या दिवसापुरती त्यांना लहान मुलांच्या रांगेत बसायची सक्ती होत नाही.

मुलांना मात्र टेबलापेक्षा व्हायोलिन महत्त्वाचे वाटते. संगीत दालनात एक दार अर्धवट उघडे असते आणि त्याच्या आतल्या दुसऱ्या दारावर, चांदीच्या खुंटीला अडकवलेले एक व्हायोलिन आणि त्याचा गज दिसतो. तारा दिसतात, लाकडावरची चकाकी दिसते, मागे पडलेली सावली दिसते. ते व्हायोलिन मुळात नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी यान व्हान डर व्हार्ट या चित्रकाराने ते सपाट दारावर रंगवले आहे. दोरीच्या अलीकडे उभे राहून आमच्या मंडळातल्या प्रत्येक मुलाने मान तिरकी करून, डोळा मिटून, गुडघ्यांवर बसून ते खरे आहे की खोटे याची खात्री करून घेतलेली आहे. एका वर्षी सहा वर्षांच्या एका मुलाने "मग खुंटी तरी खरी आहे का?" असे विचारले. मार्गदर्शक आजोबांनी तीही रंगवलेलीच असल्याचे सांगताच त्याचा चेहरा असा पडला की त्यांना त्याची समजूत काढावी लागली.

माझ्या स्वतःच्या आवडीची कथा सजावटीची नाही, माळ्याची आहे. जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा 1826 मध्ये, तेविसाव्या वर्षी, इथला मुख्य माळी म्हणून आला. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की तो पहाटे साडेचारला पोहोचला, कोणी उठलेले नव्हते म्हणून भिंतीवरून उडी मारून बागेत शिरला, सगळा परिसर फिरून पाहिला, सहाला माणसांना कामाला लावले, पाण्याची कारंजी चालवून पाहिली, नंतर घराच्या कारभारीण बाई आणि त्यांची भाची यांच्याबरोबर न्याहारी केली, आणि नऊ वाजायच्या आत त्या भाचीच्या प्रेमात पडला होता. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. याच पॅक्स्टनने बागेत काचेचे प्रचंड उष्णगृह बांधले. 1843 च्या डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट आले, तेव्हा त्यात हजारो दिवे लावून त्यांना बग्गीतून फिरवून आणले होते. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे थंडीने मेली आणि 1920 मध्ये ते उष्णगृह पाडून टाकले. आज त्या जागी झुडपांचा भुलभुलैया आहे आणि आमची मुले त्यात हरवतात. त्याच पॅक्स्टनने रशियाच्या झारसाठी सुमारे नव्वद मीटर उंच उडणारे कारंजे 1844 पर्यंत तयार केले. त्याला पंप नाही, डोंगरावरच्या तळ्यातून नळाने खाली येणाऱ्या पाण्याचाच तो जोर आहे. झार आलाच नाही. संभाजीनगरहून आलेले आमचे एक सदस्य या ठिकाणी दरवर्षी पाणचक्कीचा विषय काढतात, आणि डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणणाऱ्या माणसांना ही गोष्ट नवी नव्हती हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

आणि मग केळी. रावेर तालुक्यातले एक काका मुलाकडे राहायला आले आणि तिसऱ्या वर्षीच्या सहलीला बसमध्ये माइक घेऊन उभे राहिले. त्यांनी जाहीर केले की जळगावची केळी या वाड्यातून गेलेली आहे. आम्ही हसलो, आणि हसणे अर्धेच रास्त होते. सहाव्या ड्यूकच्या काळात पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेले एक केळीचे रोप इथल्या एका उष्णगृहात वाढवले. त्याला 1835 च्या नोव्हेंबरमध्ये फुलोरा आला आणि घराण्याच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. आज देशोदेशी निर्यात होणारी बहुतेक केळी त्याच गटातली आहेत. खानदेशातली बसराई त्याच गटातली आणि आता सगळीकडे लावली जाणारी ग्रँड नैनसुद्धा. म्हणजे इथून गेले ते मुख्यतः नाव. जळगावचा खुंट डर्बीशायरहून नेला असे कोणी म्हणू नये. मी हे काकांना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी तेच भाषण पुन्हा केले. या वेळी परतीच्या बसमध्ये वाटायला त्यांनी वाटेतल्या दुकानातून आणलेल्या चार फण्या सोबत होत्या. प्रत्येक केळ्यावरचा स्टिकर ते चष्मा वर करून वाचत, "कोलंबिया" किंवा "इक्वाडोर" असे मोठ्याने म्हणत, आणि रावेरचे केळे याहून गोड कसे असते हे सांगत.

तेव्हापासून परतीच्या बसमध्ये केळी असतात. साडेचारलाच अंधार पडतो, मागे वाड्याच्या खिडक्या उजळलेल्या असतात, मुले दमून गप्प झालेली असतात आणि फण्या पुढच्या आसनांवरून मागे सरकत जातात. 2010 च्या डिसेंबरमध्ये बर्फामुळे बस निघालीच नव्हती आणि 2020 मध्ये साथीमुळे सहल रद्द करावी लागली. त्या दुसऱ्या वर्षी संगणकाच्या पडद्यावर जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या घरचे केळे कॅमेऱ्यासमोर धरले होते. ही कल्पना कोणाची होती हे सांगायची गरज नाही.

एका वर्षी व्हायोलिनच्या दारापाशी उभ्या असलेल्या त्याच मार्गदर्शक आजोबांनी आमचा घोळका पाहून, केळीवाले लोक ते तुम्हीच का, अशी चौकशी केली. काका त्या वेळी छाती काढून पुढे झाले आणि त्यांनी आपल्या इंग्रजीत पुन्हा सगळी हकीकत सांगितली. आजोबांनी मॉरिशसची दुरुस्ती अत्यंत सभ्यपणे सुचवली. काकांनी त्यांना रावेरला यायचे आमंत्रण दिले.

गेल्या डिसेंबरमध्ये माइक काकांच्या नातीच्या हातात होता. ती आता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने मॉरिशस, उष्णगृह, 1835 आणि बसराई असे सगळे नीट क्रमाने सांगितले आणि आपल्या आजोबांनी इतकी वर्षे जी चूक केली तिचाही हसत हसत उल्लेख केला. बसमध्ये टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून काका म्हणाले, "तपशील बरोबर आहे बेटा, पण गोष्ट माझीच चांगली होती," आणि त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडून पहिली फणी मागे दिली.