'मिलिटरी एअरक्राफ्ट' या दोन शब्दांपायी अडलेलं पार्सल

टेबलावरच्या युद्धखेळासाठी मागवलेली सहा विमानं, प्रत्येक तळहातावर मावेल एवढं, सगळी धातूची आणि सुटे भाग असलेली. इंग्लंडहून निघाल्यावर नवव्या दिवशी भारतात पोचली आणि तिथून पुढे सत्तेचाळीस दिवस हलली नाहीत. कारण एकच. पार्सलवरच्या हिरव्या कस्टम्स चिठ्ठीवर विक्रेत्याने वर्णनाच्या रकान्यात 'मिलिटरी एअरक्राफ्ट मॉडेल्स' असं लिहिलं होतं. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. आपल्याकडे तेच वाचून पार्सल बाजूला काढलं जातं. हे लिहिताना अजूनही चीड येते, कारण ऑर्डर देताना विक्रेत्याला एक ओळ कळवली असती तर यातलं बरंच टळलं असतं.

आधी विमानं कुठली आणि का, ते सांगतो. पहिल्या महायुद्धाचा हवाई खेळ टेबलावर मांडणारे बहुतेक जण जर्मन वैमानिक रिश्टहोफेनचं लाल तीनपंखी विमान आणि ब्रिटिशांचं सॉपविथ कॅमल यांच्यापाशी थांबतात. मला ब्रिटिश बाजूने लढलेल्या चार हिंदी वैमानिकांच्या चकमकी मांडायच्या होत्या. इंद्रलाल रॉय ४० स्क्वाड्रनमध्ये एसई५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवत. हरदितसिंग मलिक २८ स्क्वाड्रनमध्ये आणि एरल चंदर सेन ७० स्क्वाड्रनमध्ये, दोघेही कॅमलवर. चौथे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, २३ स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन. जून १९१८ च्या अखेरीस त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे तीन प्रकारच्या विमानांत चौघेही बसतात. कॅमल आणि एसई५ए रंगवलेली, तयार मिळतात. डॉल्फिनची मात्र बोंब. १/१४४ प्रमाणात मला ते धातूच्या किटमध्येच सापडलं, म्हणून परदेशी ऑर्डर: दोन डॉल्फिन, दोन एसई५ए, दोन जर्मन फॉकर डी-७.

शत्रूची विमानं निवडताना वर्ष बघा. फॉकर डी-७ आघाडीवर आलं १९१८ च्या वसंतात. मलिक आणि सेन यांच्या लढाया १९१७ च्या, त्यांच्यासमोर अल्बाट्रॉस डी-५ ठेवायचं. रॉय आणि वेलिणकरांसमोर डी-७ चालतं. ही गल्लत फार दिसते आणि तिने खेळाचा तोलच जातो, कारण डी-७ उंचीवरही नीट ताब्यात राहणारं विमान होतं.

आता अडलेल्या पार्सलकडे. ट्रॅकिंगवर 'कस्टम्सच्या ताब्यात' एवढंच दिसत होतं. तीन आठवड्यांनी टपालाने एक पत्र आलं. त्यात तीन मुद्दे होते: वस्तू उडणारी किंवा रिमोटवर चालणारी आहे का, खेळणं असल्यास बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र आहे का, आणि वस्तू कशासाठी मागवली आहे.

तिन्ही प्रश्नांमागे नियम आहेत. ते माहीत असतील तर उत्तर देणं सोपं जातं. विदेश व्यापार महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण ड्रोनवर आहेच, सुट्या भागांच्या संचाच्या रूपात येणाऱ्या ड्रोनवरही आहे. त्यामुळे चिठ्ठीवर 'एअरक्राफ्ट' आणि 'किट' हे शब्द एकत्र दिसले की पहिला संशय ड्रोनचाच. दुसरा नियम खेळण्यांचा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना बीआयएसचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. इंग्लंडातल्या छोट्या ओतकाम करणाऱ्याकडे ते असण्याचा प्रश्नच नाही. तिसरा प्रश्न विक्रीसाठी माल आणताय की स्वतःसाठी, एवढ्यापुरता असतो.

माझं पहिलं उत्तर फुकट गेलं. दोन पानं लिहिली, त्यात छंदाची माहिती होती, महायुद्ध होतं, वेलिणकर होते. तपासणाऱ्या माणसाला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. त्याला फाइलवर लावता येईल असा कागद हवा होता. दहा दिवसांनी तेच तीन प्रश्न पुन्हा आले. ते दहा दिवस आणि त्यानंतरचे दिवस मला सर्वांत जास्त टोचले. फोन उचलला जात नव्हता. उचलला तर पार्सल क्रमांक विचारून 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच सांगत. पार्सल मुदतीत सुटलं नाही तर परत पाठवलं जातं, आणि परत गेलं की टपालखर्च बुडाला आणि किट दुसऱ्याला विकलं गेलं, हे डोक्यात सतत असायचं.

दुसरं उत्तर एका पानाचं केलं. वर पार्सल क्रमांक आणि त्यांच्या पत्राचा संदर्भ. खाली प्रश्नांच्याच क्रमाने तीन उत्तरं. पहिलं: वस्तू शिशासारख्या मिश्रधातूची घट्ट ओतीव प्रतिकृती आहे, इंजिन, मोटर, बॅटरी, रेडिओ यांपैकी काही नाही, पंखांचा विस्तार सुमारे ७ सेंटिमीटर, उडू शकत नाही. दुसरं: वस्तू चौदा वर्षांवरील छंदिष्टांसाठी आहे, विक्रेत्याच्या पानावर तसं लिहिलेलं आहे, त्या पानाची छापील प्रत सोबत. तिसरं: एकूण सहा नग, स्वतःसाठी, विक्रीसाठी नाही. सोबत इन्व्हॉइस, कार्डाने पैसे भरल्याची बँकेची नोंद, आधार आणि पॅनच्या प्रती, आणि मुद्दाम काढलेला एक फोटो. माझ्याकडच्या जुन्या धातूच्या कॅमलचे सुटे भाग शाळेतल्या पट्टीशेजारी ठेवून तो काढला होता. हे सगळं ईमेलने पाठवलं आणि शिवाय हाताने नेऊन दिलं. प्रतीवर शिक्का मारून पोचपावती घ्या. ती नसेल तर पुढच्या वेळी 'उत्तर मिळालेलंच नाही' असं ऐकायला लागतं.

तरी एकदा प्रत्यक्ष तपासणी झालीच. पुडी उघडली तेव्हा टेबलावर एका डॉल्फिनचं धड होतं, करड्या धातूचं, पावणेपाच सेंटिमीटर लांबीचं. ते उलटं करून पोटातल्या ३ मिलिमीटरच्या भोकात नख घालून बघितलं गेलं. बॅटरीची जागा आहे का, असा प्रश्न होता. ते भोक स्टँडची काडी बसवायचं असतं. खिशात ३ मिलिमीटरची अॅक्रिलिक काडी होती, ती बसवून दाखवली आणि त्या क्षणी विषय संपला. एवढ्या कागदांनी जे झालं नाही ते काडीने झालं. तुमचं पार्सल तपासणीला लागलं तर स्टँड सोबत न्या.

शुल्काबद्दल. लहान प्रमाणातल्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. हिशेब मालाच्या किमतीवर नाही तर टपालखर्च धरून होतो, त्यामुळे महागडी कुरिअर निवडली तर तिच्यावरही शुल्क भरावं लागतं. ऑर्डर देतानाच किंमत मनात जवळपास दुप्पट धरा. टपालाने आलेलं पार्सल असेल तर शुल्क पोस्टमन दारात घेतो, सुटे पैसे तयार ठेवा. आणि विक्रेत्याला 'गिफ्ट लिही' असं अजिबात सांगू नका. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून काढून टाकली आहे. त्यात इन्व्हॉइस एक सांगतंय आणि चिठ्ठी दुसरंच, असं झालं की संशय वाढतो.

चिठ्ठीवर काय लिहायचं, हे ऑर्डरच्या वेळीच विक्रेत्याला इंग्रजीत कळवा. मी आता हे शब्द देतो: 'अनपेंटेड मेटल मिनिएचर्स, नॉन-फ्लाइंग, नो मोटर, अॅडल्ट हॉबी, सिक्स पीसेस'. यात एकही शब्द खोटा नाही. इन्व्हॉइसची एक प्रत पार्सलच्या बाहेर पारदर्शक पाकिटात, एक आत. एसई५ए, फॉकर ही नावं इन्व्हॉइसवर राहू द्या, फक्त चिठ्ठीवर नकोत.

थांबण्याच्या काळात खेळाची बाकीची तयारी होते. चालींचे पत्ते घरी छापले. प्रत्येक खेळाडू तीन चाली आधी गुपचूप मांडतो आणि मग सगळे एकेक पत्ता एकदम उघडतात, या पद्धतीचे. माझ्या पत्त्यांवर कॅमलची सरळ चाल ७ सेंटिमीटर, एसई५ए आणि डॉल्फिनची ८. कॅमलला उजवं वळण तीव्र आणि डावं ढिलं दिलं, कारण त्याचं अख्खं इंजिन प्रोपेलरसोबत फिरायचं आणि त्याच्या जोराने विमान उजवीकडे झटकन वळायचं. डॉल्फिन आणि एसई५एचं इंजिन स्थिर, हिस्पानो-सुइझा जातीचं, म्हणून त्यांची दोन्ही वळणं सारखी. पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला. आपल्याकडे छताचा पंखा चालू असतो आणि साधा कागद उडून उघडा पडला की तीन चालींचं गुपित फुटतं.

डॉल्फिनच्या जोडणीत एक ठरलेली चूक होते. बाकीच्या विमानांत वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे असतो, डॉल्फिनमध्ये उलट. वरचा पंख मागे, खालचा पुढे, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर. सवयीने दोन पंखांमधले खांब उलटे बसतात आणि सुपरग्लू लागला की संपलं. आधी खालचा पंख धडाला, मग बाहेरच्या खांबांच्या दोन्ही जोड्या कोरड्याच बसवून बघायच्या (डॉल्फिनला प्रत्येक बाजूला दोन जोड्या आहेत, कॅमलला एकच), आणि मगच वरचा पंख. खांबांना एपॉक्सी वापरा, पाच मिनिटं हलवायला मिळतात. पंखाच्या चौकटीवरच्या दोन ल्युइस बंदुका वर तिरप्या रोखलेल्या असतात. बऱ्याच वैमानिकांनी त्यातली एक किंवा दोन्ही काढून टाकल्या होत्या, तेव्हा बसवल्या नाहीत तरी चूक नाही. बसवल्या तर माझा नियम असा: समोरचा मारा पुढच्या दोन व्हिकर्स बंदुकांचाच धरायचा, ल्युइस फक्त उंचीची एक पातळी वर असलेल्या शत्रूवर.

धातूचं विमान जड असतं. २० सेंटिमीटरच्या काडीवर आणि ४० मिलिमीटरच्या बैठकीवर ते हमखास कलंडतं आणि सर्वांत आधी खालची चाकं मोडतात. ६० मिलिमीटरची बैठक घ्या आणि तिच्याखाली हार्डवेअरच्या दुकानातला जाड लोखंडी वॉशर चिकटवा. उंचीच्या पातळ्यांसाठी ५ सेंटिमीटरचे तुकडे एकावर एक बसणारे करा, लांब काडी एकसंध ठेवू नका. जुन्या ओतकामात शिसं असू शकतं. घासताना मास्क घाला, धूळ ओल्या कापडाने पुसा, आणि ते काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका.

माझं पार्सल हातात आलं तेव्हा जुलै लागला होता. मॅट वार्निशचा स्प्रे अशा दिवसांत मारू नका. हवेतला दमटपणा थरात अडकतो आणि गडद खाकी-हिरव्या रंगावर पांढरी साय धरते. ब्रशने लावायचं पाण्यावर आधारलेलं वार्निश पातळ करून दोन हात द्या, ते पावसाळ्यातही नीट बसतं.

एक सांगायचं राहिलं. पार्सल सुटल्यावर ती हिरवी चिठ्ठी, शुल्काची पावती आणि शिक्का मारलेली पोचपावती फेकू नका. पुढची ऑर्डर अल्बाट्रॉस डी-५ ची होती, नवे शब्द लिहून आलेली. तिच्याबद्दलही विचारणा झाली, तेव्हा आधीच्या पावतीची प्रत जोडून एका ओळीचं उत्तर पाठवलं आणि चौथ्या दिवशी पोस्टमन दारात होता.