'जिंगल बेल्स'ची स्विंग मांडणी : सहाव्या आठवड्याची नोंद

अमेरिकन गिटारवादक ब्रायन सेट्झर यांच्या वाद्यवृंदाचा २००२ सालचा 'बूगी वूगी ख्रिसमस' हा अल्बम ऐकल्यापासून रॉकाबिली (रॉक अँड रोलची सुरुवातीची, कंट्री संगीताशी जोडलेली शैली) गिटार आणि बिग बँड (जॅझचा मोठा वाद्यवृंद) यांचा मेळ साधणारे, झुलत्या जॅझ लयीतले म्हणजे स्विंगमधले 'जिंगल बेल्स' आपल्या हातून वाजावे, अशी माझी इच्छा होती. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या पूर्ण ताफ्यासमोर एकच इलेक्ट्रिक गिटार उभी राहते आणि तरीही बुजत नाही, याचे रहस्य मला हाताने शोधायचे होते.

जेम्स पिअरपॉन्ट यांच्या १८५७ सालच्या या गाण्याचे ध्रुवपद सरगमीत लिहिले, तर ते 'ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग' असे होते. 'प' येण्याआधी तोच गंधार सात वेळा येतो, त्यामुळे चालीकडून काहीही आधार मिळत नाही आणि सगळा भार लयीवर पडतो. पहिले तीन आठवडे मी स्वर अचूक वाजवत होतो, पण ते शाळेतल्या प्रार्थनेसारखे सरळ येत होते. मग तिसरा गंधार तिसऱ्या मात्रेवर न घेता दुसऱ्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागावर, म्हणजे किंचित आधीच, घेऊन पाहिला आणि ओळ एकदम चालू लागली. मेट्रोनोमचा (लय मोजून देणाऱ्या यंत्राचा) ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवल्याने हा बदल अंगवळणी पडला. या सरावाला मी पहिल्या आठवड्यातच सुरुवात करायला हवी होती.

या आठवड्याचा खरा शोध प्रतिध्वनीचा आहे. रॉकाबिलीचा 'स्लॅपबॅक', म्हणजे स्वरामागून लगेच एकदाच येणारा प्रतिध्वनी, अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी टेप यंत्राच्या साहाय्याने घडवला. टेपवर मुद्रित झालेला आवाज थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या हेडपाशी (टेप वाचणाऱ्या भागापाशी) पोहोचेपर्यंत जो क्षण जातो, तोच हा एकेरी प्रतिध्वनी होय. मी डिले पेडलवर (गिटारचा प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या पायपेटीवर) हा काळ अंदाजाने १४० मिलिसेकंद ठेवत असे आणि मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत सगळे गढूळ वाटत असे. हिशेब केला, तेव्हा कारण उमगले : त्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची होते आणि तिचा एक तृतीयांश भाग १२५ मिलिसेकंदांचा. काळ १२५ वर आणला आणि रिपीट (प्रतिध्वनीची आवर्तने) एकच ठेवला, तेव्हा मात्रेवरच्या स्वराचा प्रतिध्वनी बरोबर मधल्या रिकाम्या भागात येऊन बसला आणि उजव्या हाताचे निम्मे काम परस्पर झाले.

साथीचा प्रश्न वेगळाच निघाला. रविवारी दोन सॅक्सोफोन आणि एक ट्रम्पेट यांच्यासोबत वाजवताना माझे सहा तारांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) त्यांच्याच स्वरपट्टीत घुसत होते. काउंट बेसी यांच्या जॅझ बँडमधील गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांच्या पद्धतीप्रमाणे मी सहावी, चौथी आणि तिसरी एवढ्याच तारा ठेवल्या, चारही मात्रांवर सारखा ठोका दिला आणि शेवटचा कॉर्ड साध्या मेजरऐवजी सहाव्या स्वरासह घेतला. ट्रम्पेटला लगेच मोकळी जागा मिळाली.

ही सगळी वळणे मराठी कानाला मुळीच परकी नाहीत, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटासाठी काम केले होते आणि त्या गाण्यांतील ब्रासचे (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे) तुकडे मी या मांडणीसाठी पुन्हापुन्हा ऐकत आहे.

पुढच्या आठवड्यात लय १८० पर्यंत न्यायची आहे. तेव्हा डिले १११ मिलिसेकंदांवर येईल आणि ट्रम्पेटचा उत्तर देणारा तुकडा दुसऱ्या कडव्याआधी बसवला जाईल.