स्पीडटेस्टला ३००, पण बँकेचं लॉगिन टिकेना

हंगाम चालू असताना साखर कारखान्याच्या राऊटरला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, कारण गाळप सुरू झालं की काट्यापासून डिस्पॅचपर्यंत सगळं त्या एका डबीवर चालतं. पण जानेवारीत सांगलीकडच्या एका कारखान्यातून ईडीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या, पोराचा फोन आला, "सर कसंही करून आज या, ऊस बिलाची फाईल बँकेत चढतच नाहीये." मग जावंच लागलं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे, उशीर झाला की वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, आणि त्या पैशावर लोकांचं सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, पुढची लागण सगळं अडकलेलं असतं.

गेलो तर अकौंटच्या मॅडम पार वैतागलेल्या. बँकेच्या पोर्टलला लॉगिन होतंय, फाईल निवडतायत, अपलोड अर्ध्यात गेलं की सेशन संपलं म्हणून परत लॉगिनच्या पानावर. "दादा, नेट तर एकदम फास्ट आहे, हे बघा की," म्हणून त्यांनी स्पीडटेस्ट लावून दाखवली, २९० च्या आसपास आकडा आला. मला तिथंच शंका आली. कारखान्यात दोन फायबर आहेत, एक २०० एमबीपीएसचं आणि एक १०० चं, दोन वेगळ्या कंपन्यांची. मग एकाच पीसीला २९० येतात म्हणजे त्या एका पीसीचीच कनेक्शनं दोन्ही लाईनवर वाटली जातायत.

राऊटर मायक्रोटिकचा, पाच पोर्टचा हेक्स. विनबॉक्स, म्हणजे त्याचं सेटिंगचं सॉफ्टवेअर, उघडलं, फायरवॉलमधल्या कनेक्शन्सच्या टॅबला मॅडमच्या पीसीचा आयपी फिल्टर लावला आणि त्यांना परत लॉगिन करायला सांगितलं. सरळ दिसलं. समोर बँकेचा एकच सर्व्हर, खाली आठ-दहा ओळी, पीसीचा पोर्ट (केबलचं भोक नव्हे, कनेक्शनचा नंबर) प्रत्येक ओळीत वेगळा, आणि मार्कच्या, म्हणजे कुठल्या लाईननं जायचं त्या खुणेच्या, रकान्यात कुठं पहिली लाईन, कुठं दुसरी. म्हणजे लॉगिन एका पब्लिक आयपीवरून (बाहेर दिसणाऱ्या पत्त्यावरून) झालं आणि फाईल दुसऱ्या पब्लिक आयपीवरून यायला लागली, आणि बँकेचं पोर्टल म्हणतंय हा माणूस वेगळाच दिसतोय, काढा बाहेर. ईडीपीच्या पोराला म्हटलं, एका गेटवर पास काढला आणि दुसऱ्या गेटनं आत शिरायला लागलास तर वॉचमन अडवणारच.

कारण पीसीसीच्या (पर कनेक्शन क्लासिफायर) सेटिंगमध्ये होतं. पीसीसी म्हणजे राऊटर प्रत्येक नव्या कनेक्शनचे काही आकडे घेतो, त्यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून ठरणारी एक संख्या, काढतो, तीननं भागतो आणि बाकी ० किंवा १ आली तर २०० च्या लाईनवर, २ आली तर १०० च्या लाईनवर टाकतो. २:१ चं वाटप बरोबरच होतं. पण आकडे कुठले घ्यायचे तिथं आधीच्या व्हेंडरनं पीसी आणि सर्व्हर दोघांचे अॅड्रेस आणि दोघांचे पोर्ट निवडले होते. ब्राऊझर प्रत्येक कनेक्शनला नवा पोर्ट घेतो, त्यामुळं हॅश दरवेळी वेगळा. स्पीडटेस्ट एकदम बरीच कनेक्शनं उघडते म्हणून तिथं दोन्ही लाईनची बेरीज दिसते, आणि व्हेंडरचं बिल पास करणाऱ्याला तेवढंच बघायचं असतं. हे सेटिंग मला बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि खरंच राग येतो, कारण आकडा छान दिसतो आणि काम करणाऱ्या माणसाचा दिवस वाया जातो.

नुसते दोन्ही अॅड्रेस ठेवले तरी चाललं नसतं, कारण या बँकेचं लॉगिन एका सर्व्हरवर आणि अपलोड दुसऱ्या सर्व्हरवर जातं, सर्व्हर बदलला की परत लाईन बदलू शकते. म्हणून फक्त सोर्स अॅड्रेस, म्हणजे पीसीचा स्वतःचा पत्ता, ठेवला. एक पीसी, एक लाईन. ऑफिसात चाळीसच्या वर मशीन आहेत, तेवढ्यात वाटप आपोआप बरं होतं. अकौंटच्या आणि डिस्पॅचच्या पीसींची वेगळी यादी केली आणि मँगलमध्ये, म्हणजे मार्क लावायच्या नियमांच्या यादीत, पीसीसीच्या नियमांच्या वर टाकून त्यांना १०० च्या लाईनला बांधलं, कारण स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, त्याच लाईनवर आहे. फास्टट्रॅक, म्हणजे राऊटरमधला शॉर्टकट, आधीच्या माणसानं बंद ठेवला होता ते बरं होतं, नाहीतर पॅकेट मँगलला वळसा घालून जातात आणि मार्कचा काही उपयोग राहत नाही. आणि मार्क फक्त नव्या कनेक्शनला लागतो, जुनी जुन्याच वाटेनं जात राहतात, त्यामुळं डिस्पॅचवाल्यांना हातातलं ई-वे बिल पुरं करू दिलं आणि मग कनेक्शनचं टेबल रिकामं केलं.

फाईल पहिल्याच झटक्यात चढली.

तेवढ्यात एमडी साहेब आले, त्यांनी आपल्या पीसीवर स्पीडटेस्ट लावली, १९० आले. "शंभर कुठं गेले?" त्यांना शांतपणे सांगितलं की साहेब, ते शंभर अकौंट आणि डिस्पॅच वापरतायत, तुमच्या एका मशीनला ३०० दाखवायचे तर मॅडमचं बिल परत अडकेल. त्यांनी मॅडमकडं बघितलं, मॅडम म्हणाल्या "साहेब, आता हात लावू देऊ नका." विषय मिटला.

मग फेलओव्हर, म्हणजे एक लाईन गेली की दुसरीवर जायची सोय, बघितला. तिथं गेटवेला पिंग (जिवंत आहेस का विचारणारा छोटा मेसेज) लावलेला होता, पण गेटवे म्हणजे भिंतीवरचा ओएनटीच, फायबर येऊन लागते तो डबा. बाहेर फायबर तुटलं तरी ओएनटी पिंगला उत्तर देतच राहतो, राऊटरला वाटतं लाईन जिवंत आहे, आणि त्या लाईनवरचे सगळे पीसी बंद. म्हणून रिकर्सिव्ह रूट केले, म्हणजे बाहेर इंटरनेटवरचा पत्ता उत्तर देतोय तोवरच लाईन जिवंत धरायची, एका लाईनमधून १.०.०.१ आणि दुसरीतून ८.८.४.४ तपासायचा, आणि हे दोन्ही पत्ते डीएनएस म्हणून कुणाला द्यायचे नाहीत, कारण लाईन गेली की तो पत्ताही जातो. राऊटरच्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जन ७ मध्ये या रूटचं टार्गेट स्कोप नावाचं सेटिंग ११ द्यायचं, सहामधलं १० तसंच कॉपी केलं की अडकतं. टेस्ट करताना राऊटरची केबल काढायची नाही, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. ओएनटीच्या बुडाची हिरव्या टोकाची फायबर काढली, एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला, दहा-दहा सेकंदांचे दोन पिंग हुकले आणि सगळे पीसी दुसऱ्या लाईनवर आले.

निघताना सहज फायबर कुठून येतंय ते बघत गेटपर्यंत चालत गेलो. दोन कंपन्या, पण दोन्ही काळ्या केबल एकाच ओळीच्या खांबांवरून, त्याच रस्त्यावरून, आणि त्याच रस्त्यानं दिवसरात्र उसाच्या गाड्या, इतक्या उंच भरलेल्या की वरचा ऊस केबलला घासत जातोय. एक केबल मध्ये जोडलेली पण दिसली. तिथनंच परत फिरलो आणि एमडी साहेबांना खांबांपाशी नेऊन दाखवलं. तिसरी लाईन मागच्या बाजूनं रेडिओवर घ्यायचं ठरलं, डिश साखर गोदामाच्या छतावर बसेल. ती येईपर्यंत चौथ्या पोर्टला सिमचा राऊटर लावून दिला, दोन्ही फायबर गेली तरच तो चालू होतो आणि त्यावरून फक्त अकौंट आणि डिस्पॅच जातं, बाकीचं ऑफिस नाही आणि कॅमेरे तर नाहीच नाही.