केरीला सगळे उठून गेले आणि मग…

कळंगुटचे दोन दिवस गर्दी, पार्किंग आणि घामात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काहीच नाही. परतताना म्हटलं केरीचा बीच बघू, मग फेरीने तेरेखोल, रेडी, आंबोली करत कोल्हापूर.

केरीला पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आलेला. दीडेकशे माणसं मोबाईल धरून उभी, सूर्य बुडाला तशा टाळ्या (नाटक संपलं की काय!) आणि पाच मिनिटात निम्मा बीच रिकामा. बायकोपण पायातली वाळू झटकत उठली. चहावाला म्हणाला, "रावात मात्शें, रंग आतां येतलो." (थांबा जरा, रंग आता येईल.) बसलो.

गंमत म्हणजे टाळ्या उशिराच पडल्या होत्या. हवेत प्रकाश वाकतो, त्यामुळे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते ना, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हे मी भाचीला शहाणपणाने सांगितलं, ती सातवीत आहे, लगेच सुरू. आभाळ निळं का? म्हटलं हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण सहापट जास्त विखुरतात, रॅले नावाच्या शास्त्रज्ञाने १८७१ सालीच हिशोब मांडलाय. संध्याकाळी किरणांना दुपारच्या जवळपास ४० पट हवा कापत यावं लागतं, निळा वाटेतच विखरून जातो, लाल-केशरी उरतो. "मग जांभळं का नाही मामा, तो तर अजून जास्त विखुरतो?" आली का पंचाईत! तरी बरं, आठवलं: उन्हात जांभळा मुळात कमी आणि आपले डोळेही त्याला जरा मठ्ठच.

तेवढ्यात तीच म्हणाली, मागे बघ. सुरूच्या झाडांवर खाली करडा-निळा पट्टा, त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची हवेत पडलेली सावली, सूर्य खाली जाईल तशी ती वर सरकते. इतकी वर्षं गोव्याला येतोय आणि एकदाही समुद्राकडे पाठ केली नव्हती, मूर्खपणा, दुसरं काय.

वीसेक मिनिटांनी डोक्यावरचं आभाळ असं गडद निळं झालं की बोलणंच थांबलं. हा निळा दुपारचा नव्हे हं. नुसत्या विखुरण्यावर सोडलं असतं तर यावेळी वरचं आभाळ पिवळट-करडं दिसलं असतं, पण फार उंचावरचा ओझोन नारिंगी-लाल शोषून घेतो म्हणून ते निळं राहतं. हल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ ला हे दाखवलं. मला वाटायचं ओझोन फक्त सनस्क्रीनच्या जाहिरातीपुरता.

फोटो काढले, फोनने सगळं आपोआप 'सुधारून' शाळेच्या भिंतीसारखं फिकट करून ठेवलं. फेरीच्या रांगेत मग पाऊण तास, आंबोलीत मिट्ट काळोख आणि धुकं, आणि बायको आजऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.