आलुबोंड्याखालचा पेपर

दारव्ह्याच्या स्टँडसमोर आलुबोंडा घेतला आणि सवयीने आधी खालचा कागद पाहिला. आलुबोंडा कुठे पळून जात नाही. बातमी मात्र तेलात बुडायच्या आत वाचावी लागते. शाई पोटात जाते म्हणतात, जाऊ दे. मला अर्धवट फाटलेली बातमी अख्ख्या बातमीपेक्षा जास्त आवडते. विहिरीत पडलेली म्हैस निघाली की नाही, हे पुढच्या तुकड्यावर सापडेल म्हणून मी कितीदा तरी दुसरा बोंडा मागवला आहे.

या वेळी मात्र अक्षरच लागेना. गोल, रेघ, पुन्हा गोल. कोरियन! आणि कागद कोराकरकरीत, कोणाचा हातही न लागलेला.

"गठ्ठाच येते किलोनं," हॉटेलवाला म्हणाला. "आपल्याकडची रद्दी भेटते कुठी आता? पेपर घेते कोण?"

आमच्या घरी पेपर यायचा तो एसटीने, दुपारी. आधी बाबा, मग शेजारचे गुरुजी, मग किराणा दुकान, मग आणखी दोन घरं. संध्याकाळी परत यायचा तेव्हा शब्दकोडं कोणीतरी भरून टाकलेलं असायचं, तेही चुकीचं. आई त्या अज्ञात माणसावर जन्मभर चिडून होती. एका पेपराच्या पैशात पाच घरं वाचायची, आणि त्या किमतीत छपाईचाही खर्च निघत नाही, बाकीचं जाहिराती भरतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! उलट आम्हालाच पेपरातून कमाई होती. महिन्याकाठी तीनेक किलो रद्दी निघायची. रद्दीवाला तराजूची दांडी बोटाने हळूच दाबायचा, आई त्याच्या बोटाकडेच बघत बसायची. त्या पैशांचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि हिरव्या मिरच्या यायच्या, आणि उरले तर मला पेपरमिंट. आता फोनवर बातम्या फुकट आहेत, पण त्यांची रद्दी होत नाही. या व्यवहारात आमचं घर तोट्यातच गेलं.

पुतण्याचं मात्र म्हणणं वेगळं. तो यूट्यूबवर बोंडअळीचे व्हिडिओ टाकतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात, आणि वर्षभरात लोकांनी 4000 तास पाहिलेलं असावं लागतं. सबस्क्रायबर झाले, तास भरत नाहीत. म्हणून वहिनी भाकरी थापताना त्याचाच व्हिडिओ लावून ठेवते. बोंडअळी तिला आता तोंडपाठ आहे. मला उगाच रद्दीवाल्याचं बोट आठवतं.

तसलंच बोट कोरियातही निघालं. तिथली माणसं बातम्या नेव्हर नावाच्या पोर्टलवर फुकट वाचतात. पण पेपरातल्या जाहिरातीला वजन येतं खपाच्या आकड्याने. तेव्हा आकडा फुगवायचा, आणि न उघडलेले गठ्ठे थेट रद्दीत विकायचे, असा तिकडे 2021 मध्ये बोभाटा झाला. म्हणजे पेपर छापखान्यातून निघाला तो रद्दी होऊनच. ना गुरुजी, ना किराणा, ना शब्दकोडं.

मग दोन हजार कोसांवरून आलेला हा कागद निदान मी तरी वाचावा, असं वाटलं. बोंडा बाजूला ठेवून फोनचा कॅमेरा त्यावर धरला. फोनने जमेल तसं मराठी करून दिलं.

हॉटेलवाला झारा हातात घेऊनच वाकला. "काय लिवलं हाय त्याच्यात?"

"काही नाही. फ्लॅटची जाहिरात आहे."

त्याने जरा विचार केला.

"कितीले देऊन रायला?"